तंगडी वर करण्यामागे फक्त 'हद्द' नसते

तुमचा दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर कुत्रा नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून सोफ्याच्या पायावर आणि पाहुण्यांच्या बॅगेवर तंगडी वर करतोय. 'तो हद्द आखतोय, तुम्हाला जुमानत नाही' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे. दुसरा सोडून द्या.

आधी तो खूण करतोय की नुसताच मुततोय, ते बघा. खूण करणारा कुत्रा आधी नीट हुंगतो, मग उभ्या वस्तूवर चार थेंब सोडून पुढे जातो. जमिनीवर मोठं थारोळं, झोपेत ओलं झालेलं अंथरूण, वारंवार जोर करणं, लघवीत रक्त किंवा अचानक वाढलेली तहान, यातलं काही दिसलं तर स्वभावाची चर्चा थांबवून त्याला व्हेटकडे न्या.

आता हद्दीचं. लघवीच्या वासातून दुसऱ्या कुत्र्याला बरंच काही कळतं: नर की मादी, माजावर आहे का, ओळखीचा की परका, किती वेळापूर्वी येऊन गेला. त्यासाठी नाकाच्या जोडीला टाळूच्या वरचं जेकबसनचं इंद्रियही असतं. खांब, टायर, सोफ्याचा पाय आवडतात, कारण तिथे वास थेट दुसऱ्याच्या नाकासमोर येतो. ही खूण म्हणजे कुंपण असती, तर परका कुत्रा वास येताच मागे फिरला असता. तो फिरत नाही. निवांत हुंगतो आणि वर स्वतःचे थेंब टाकतो. चावडीवरच्या फळ्यासारखाच हा प्रकार. गल्लीतली कुत्री आपला इलाका राखतात हे खरं, पण ते भुंकून आणि अंगावर धावून जाऊन.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी पाच हिवाळे एक मजेशीर उद्योग केला. कुत्र्यांच्या मुताने पिवळा झालेला बर्फ उचलून ते आपल्या जेथ्रो या कुत्र्याच्या वाटेवर ठेवत. 2001 साली त्यांनी निष्कर्ष छापले: जेथ्रो स्वतःचा वास पटकन सोडून देई, दुसऱ्या नरांच्या वासापाशी मात्र रेंगाळे. कॉर्नेल विद्यापीठाच्या बेटी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांना 2018 मध्ये दिसलं, की लहान चणीचे नर तंगडी जास्त वर उचलतात. आपण आहोत त्याहून मोठे वाटावं, असा त्यामागे डाव असावा, हा त्यांचा अंदाज. आमच्या इमारतीतला पॉमेरेनियन जवळजवळ उलटा होतो ते पाहता मला तो पटतो.

माद्याही खुणा करतात, विशेषतः माजावर असताना. भाद्रपदात गल्लीतल्या कुत्र्यांची ही धांदल वाढते, हे वेगळं सांगायला नको.

तुमच्या घरात जुन्या भाडेकरूंचा कुत्रा राहून गेला असेल, तर त्याचा वास तुम्हाला येणार नाही, याला येतो. नवी जागा आणि नवी माणसं यांनी तो बावचळलाही असेल. म्हणून मारू नका, नाक घासू नका. त्याने तो फक्त तुमच्या नजरेआड मुतायला शिकतो. डाग पाण्याने टिपून घ्या आणि पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमवाला क्लीनर वापरा. अमोनिया असलेली औषधं नकोत, लघवीतही तोच वास असतो. काही दिवस त्याला नजरेसमोर ठेवा, हुंगायला लागला की हाक मारून बाहेर न्या आणि बाहेर केलं की लगेच खाऊ द्या. पाहुण्यांची बॅग सरळ कपाटात.

नसबंदीने बऱ्याच नरांत हे कमी होतं, सगळ्यांत नाही. सवय जुनी झाली की फरक कमी पडण्याची शक्यता असते, त्यामुळे व्हेटशी आताच बोला.

आणि दारात लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या मांडून काही होत नाही. कुत्र्याला लाल रंग धड दिसतही नाही. सोसायटीत कुणाच्या स्कूटरच्या चाकावर तंगडी वर केली, तर सोबतच्या बाटलीतलं साधं पाणी तिथे ओता. निम्मी भांडणं तेवढ्यावर मिटतात.