मत थोरल्याचं, धास्ती धाकट्याची

न्यू जर्सीहून एका लातूरकर सुनेचं पत्र आलंय. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, थोरले दीर तिथंच, अमेरिकेचे नागरिक. त्यांनी मत ट्रम्पना दिलं आणि २० जानेवारी २०२५ ला, शपथविधीच्या दिवशी, घरच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. त्याच दिवशी तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांच्या तिथं जन्मणाऱ्या बाळांना नागरिकत्व नाकारणारा आदेश निघाला. हिला सातवा महिना होता. न्यायालयांनी आदेश लगेच रोखला, बाळ नागरिक म्हणूनच जन्मलं. पण हिनं ग्रुप सोडला तो सोडलाच. यंदा येळवशीलाही, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणालाही, जाऊबाईंकडे जायचं नाही म्हणते.

पोरी, तुझा राग खरा आहे. भाऊजींसाठी निवडणूक म्हणजे एक मत. तुमच्यासाठी तीच नोकरी, बाळ, आजारी सासूला भेटायला जाऊन परत येता येईल की नाही, हे सगळं. पण हे त्यांना कुणी सांगितलंय का? ग्रुप सोडल्यानं ते कळत नाही.

आणि ‘त्यांच्यामुळं झालं’ हे मनातून काढ. तिथं बहुतेक राज्यांत जो पुढं असेल त्याच्याच पदरात त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं पडतात, आणि राष्ट्राध्यक्ष याच मतांवर ठरतो. न्यू जर्सीची १४ च्या १४ ट्रम्पविरोधातल्या कमला हॅरिसना गेली. ट्रम्प ३१२ विरुद्ध २२६ नं जिंकले, त्यात भाऊजींच्या मताचा काही हातभार नाही. दुखलं ते पेढ्यांनी.

म्हणून नवऱ्यानं भावाला फोन करावा, ग्रुपवर काही लिहू नये. ‘दादा, त्या रात्री आम्ही वकिलाला फोन लावत होतो,’ एवढंच सांगावं. ट्रम्प बरे की वाईट, हा विषय त्या फोनवर नको.

अण्णांना, तुझ्या सासऱ्यांना, मात्र निवाड्याला बसवू नका. २०२४ च्या लोकसभेत बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला आणि मराठा-ओबीसी वादात वर्षानुवर्षांचे शेजारी बोलेनासे झाले. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. आता तेच आपल्या दोन पोरांत होईल, याची त्यांना भीती आहे. त्यांना हेही सांग, की सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीवर लावलेलं १ लाख डॉलरचं शुल्क नव्या अर्जांसाठी आहे, हातातल्या व्हिसाला नाही. निम्मा घोर तिथंच कमी होईल.

जाऊबाईंनी तुझं काही बिघडवलेलं नाही. त्यांना आजच फोन कर, आंबील कुणी करायची नि भज्जी कुणी, ते ठरव. भाऊजींनी सगळं हसण्यावारी नेलं तर मात्र यंदा जाऊ नका, आणि का येत नाही ते त्यांना तोंडावर सांगा.