‘प्रक्रिया अनुक्रमांक’ की ‘प्रक्रिया क्रमांक’?

इंदूरमध्ये संगणक शिकवणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी मराठी मुलांच्या टिपणांत ‘प्रोसेस आयडी’साठी, म्हणजे संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामाला (प्रक्रियेला) मिळणाऱ्या क्रमांकासाठी, ‘प्रक्रिया अनुक्रमांक’ असा शब्द योजला आहे. तो योग्य आहे काय, आणि नसल्यास ‘ओळख क्रमांक’ बरा की ‘अभिज्ञापक’, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते साधा ‘प्रक्रिया क्रमांक’ लिहावा आणि ‘अनुक्रमांक’ टाळावाच. मध्य प्रदेशातल्या परीक्षांच्या हिंदी कागदांवर अनुक्रमांक म्हणजे रोल नंबर, त्यामुळे आपल्याकडच्या मराठी घरातल्या मुलालाही तो शब्द वाचताच प्रवेशपत्र आठवते; मराठीत मात्र ‘अ. क्र.’ हा तक्त्याचा पहिला रकाना, आणि तिथे एकानंतर दोन व दोनानंतर तीन यायलाच हवे. कर्नेलकडून, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याकडून, मिळणारा क्रमांक ही अट पाळत नाही. (‘कर्नेल’ असेच लिहावे; ‘कर्नल’ लिहिल्यास महूच्या छावणीतला अधिकारी डोळ्यांपुढे येतो.)

लिनक्स या कार्यप्रणालीचे कर्नेल नव्या प्रक्रियेला साधारणपणे शेवटी दिलेल्या क्रमांकापुढचा मोकळा क्रमांक देते, म्हणून काही काळ अनुक्रमाचा भास होतो. परंतु या क्रमांकांना मर्यादा असते. ती पूर्वापार ३२,७६८ असून ६४ बिटी यंत्रांवर ४१,९४,३०४ पर्यंत वाढवता येते, आणि ती गाठली की मोजणी मागे फिरून १ पासून नव्हे, तर ३०० पासून मोकळे क्रमांक शोधू लागते. तेव्हा ५०० क्रमांकाची प्रक्रिया ३०,००० क्रमांकाच्या प्रक्रियेहून धाकटी असू शकते. ओपनबीएसडी ही दुसरी कार्यप्रणाली तर क्रमांक यादृच्छिकपणेच निवडते.

‘ओळख क्रमांक’ चुकीचा नाही, पण ओळख म्हटली की ती कायमची वाटते. हा क्रमांक देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा आहे: एकाने परत केला की तो पुढे दुसऱ्याच्या हाती जातो. मात्र प्रक्रिया संपताक्षणी तो परत येत नाही. तिला जन्म देणारी जनक प्रक्रिया तिच्या समाप्तीची नोंद घेईपर्यंत तो अडकलेला राहतो. अशा प्रक्रियेचे इंग्रजी नाव मराठीत ‘झोंबी’ असे लिहिले की कुस्ती आठवते, त्यापेक्षा ‘प्रेत प्रक्रिया’ मला अधिक पटते, कारण आपल्या समजुतीतही क्रियाकर्म होईपर्यंतच जीव प्रेतदशेत अडकलेला असतो. शिवाय २००८ पासून लिनक्समध्ये क्रमांकांचे स्वतंत्र नेमस्पेस (आपापली वेगळी मोजणी असलेले गट) करता येतात, त्यामुळे कंटेनरच्या, म्हणजे बाकीच्या यंत्रापासून वेगळ्या राखलेल्या कप्प्याच्या, आत १ क्रमांक मिरवणारी प्रक्रिया बाहेरून पाहता निराळ्याच क्रमांकाची असते.

‘अभिज्ञापक’ अर्थाने बरोबर आहे, पण प्रोग्रामातल्या चलांच्या आणि फलनांच्या नावांनाही आयडेंटिफायरच म्हणतात; तो शब्द त्यांच्यासाठी राखावा.

‘क्रमांक’मध्येही ‘क्रम’ आहेच, असा आक्षेप कोणी घेईल. व्युत्पत्तीने तो खरा आहे, परंतु दूरध्वनी क्रमांक किंवा वाहन क्रमांक म्हणताना आपण क्रम शोधत नाही. तिथे ‘अंक’ या शब्दाचा खूण हा जुना अर्थ, जो ‘अंकित’मध्ये टिकून आहे, तोच कामी येतो. या शब्दाची जोडही सहज होते: ज्या प्रक्रियेने दुसरीला जन्म दिला, तिच्या क्रमांकाला ‘जनक प्रक्रिया क्रमांक’ म्हणता येईल.