नाव न कमावलेला पुरुष फुटबॉलपटू मुलींचा चांगला कोच होऊ शकतो का?

तुम्ही लिहिलंय, मुलीच्या अकादमीत नवे कोच आलेत. कधीकाळी क्लबकडून खेळले, पण नाव झालं नाही, आणि आजवर मुलांनाच शिकवलं. मुलीला तिथे ठेवावं का? तुमचे कोच मला ठाऊक नाहीत, पण ज्या माणसामुळे या बाबतीत माझं मत बनलं, त्याच्याबद्दल सांगते.

फुतोशी इकेदा, जपानी फुटबॉल कोच, टोकियोचे, जन्म १९७०चा. जपानची व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा, जे-लीग, १९९३ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी ते बचावपटू म्हणून उरावा रेड्स या क्लबमध्ये आले. त्या मोसमात उरावा तळाला राहिला. १९९६ मध्ये त्यांचं खेळणं थांबलंसुद्धा. राष्ट्रीय संघाची जर्सी कधी मिळाली नाही. पुढची वीसेक वर्षं उरावा, मग फुकुओका, असं पुरुषांच्या क्लबांत पडद्यामागचं कोचिंग. २०१७ मध्ये त्यांच्याकडे १९ वर्षांखालील मुलींचा राष्ट्रीय संघ आला. तुमच्या कोचसारखीच परिस्थिती म्हणा ना.

२०१८ मध्ये फ्रान्सला २० वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला, तिथे जपानचे कोच इकेदाच. साखळीत जपान स्पेनकडून ०-१ हरला. मुली खचल्या असत्या तर नवल नव्हतं. पण त्यांनी पॅराग्वेला सहा गोल मारले, मग जर्मनीला, मग इंग्लंडला हरवलं, आणि अंतिम सामन्यात पुन्हा समोर स्पेनच! या वेळी जपान ३-१ ने जिंकला. गोल मियाझावा, ताकारादा आणि नागानोचे, कर्णधार मोएका मिनामी. या वयोगटातलं जपानी मुलींचं ते पहिलंच विश्वविजेतेपद. पंधरवड्यात त्याच संघाविरुद्ध निकाल फिरवायचा, तोही एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींकडून, यात कोचचं काम दिसतं. चेंडू समोरच्याकडून हिसकावून घ्यायचा, यावर इकेदांचा फार भर असे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना महिलांचा मुख्य संघ मिळाला आणि चारच महिन्यांत ते आमच्या पुण्यात आले. २०२२चा महिला आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. (आपल्या संघाला कोविडमुळे माघार घ्यावी लागली, ते दुःख अजून आहे.) ३ फेब्रुवारीला बालेवाडीत उपांत्य सामना, जपान विरुद्ध चीन. रिको उएकीने दोनदा आघाडी मिळवून दिली, चीनने दोनदा बरोबरी साधली, दुसऱ्यांदा तर जादा वेळ संपता संपता. मग पेनल्टी शूटआउटमध्ये जपान बाहेर. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर हे घडत होतं आणि टीव्हीसमोर मला अक्षरशः रडू आलं.

त्यानंतर २०२३चा विश्वचषक. संघात मिनामी, नागानो, मियाझावा, उएकी, जुन एन्दो, होनोका हायाशी. सगळ्या २०१८च्या मुली, आता मोठ्या झालेल्या. वेलिंग्टनला साखळीत पुन्हा स्पेन. चेंडू जवळजवळ सगळा वेळ स्पेनकडे आणि स्कोअर जपान ४, स्पेन ०. तो स्पेन पुढे विश्वविजेता झाला. अख्ख्या स्पर्धेत हरला तो एवढाच सामना. मियाझावाला सर्वाधिक, म्हणजे पाच गोलांसाठी गोल्डन बूट मिळाला. मला त्या सामन्यात पाच वर्षांची ओळख दिसते. कोणती मुलगी कधी धावेल, कोण कुठे चेंडू देईल, हे कोचला तिच्या विशीच्या आतल्या वयापासून माहीत होतं.

सगळं गोडच झालं असंही नाही. त्या विश्वचषकात स्वीडनने उपांत्यपूर्व फेरीत हरवलं, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच टप्प्यावर अमेरिकेने जादा वेळेत एका गोलने, आणि इकेदांनी संघ सोडला. मुख्य संघासोबत मोठी ट्रॉफी आली नाही. काही जण त्यावरून त्यांना सामान्य ठरवतात, मला ते अजिबात पटत नाही. ज्यांना त्यांनी कोवळ्या वयात घडवलं, त्यांतल्या बऱ्याच जणी पुढे युरोपातल्या बड्या क्लबांत खेळल्या.

म्हणून तुमच्या कोचनी स्वतः किती गोल अडवले, ते सोडून द्या. मुलीला एक मोसम तिथे राहू द्या. संघ एखादा सामना हरला की मैदानाच्या कडेला थांबा, ते मुलींशी काय बोलतात ते ऐका, आणि पुढच्या सरावात त्याच चुकीवर काम होतंय का ते बघा. ते होत असेल तर मुलीला हलवू नका.