कबड्डी असो की फ्लेमिंगो, आधी पाठीमागचं बघा

तुमचा प्रश्न असा, की निकॉन डी५६०० आणि ७०-३०० लेन्सवर सांगलीतली रात्रीची कबड्डी आणि येरळवाडी तलावावरचे (सातारा जिल्हा) फ्लेमिंगो, दोन्ही फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर येतात. एरिया मोड (कॅमेऱ्याने फ्रेममधल्या कोणत्या पॉइंटवर फोकस धरायचा ती सेटिंग) कोणता ठेवावा, की बॉडीच, म्हणजे कॅमेराच बदलावा? बॉडी बदलायची घाई करू नका.

आधी एक फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. मॅटवरची पांढरी रेषा कडक आहे आणि चढाईपटूच्या पाठीवरचा नंबर एका बाजूला ओढल्यासारखा दिसतोय, तर फोकस बरोबर आहे, शटर कमी पडलं. कबड्डीला शटर १/८०० सेकंदाच्या खाली उतरू देऊ नका. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढला तर चढू दे. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी होतो, ओढलेला चेहरा सरळ होत नाही. पण चढाईपटू सॉफ्ट आणि मागचा प्रेक्षक कडक असेल, तर फोकस पॉइंट चुकलाय. पुढचं सगळं त्याबद्दल.

एएफ-सी (हलत्या गोष्टीवर सतत फोकस करत राहणारा मोड) दोन्हीकडे, त्यावर चर्चाच नको. एएफ-ए (ज्यात मोड कॅमेराच ठरवतो) बंद करा.

एरिया ठरवताना बहुतेक जण पक्षी केवढा आणि खेळाडू किती वेगात, हे बघतात. मी आधी बघतो तो त्याच्या मागे-पुढे काय आहे ते. व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना या कॅमेऱ्याला पक्षी ओळखता येत नाही, त्याला उठून दिसणारी कड सापडते. येरळवाडीला माझी एक अख्खी सकाळ अशीच गेली. फ्लेमिंगो उडण्याआधी पाण्यावर पळत सुटतात, मी ३९ पॉइंटच्या डायनॅमिकवर (निवडलेल्या पॉइंटवरून विषय सुटला तर आजूबाजूचे पॉइंट मदतीला येतात तो मोड) त्यांच्यामागे लेन्स फिरवत होतो. घरी येऊन बघतो तर काठावरच्या बाभळीचा काटा न् काटा मोजता येतोय आणि पुढचा अख्खा थवा धूसर! थवा आभाळात असता तर तेच ३९ पॉइंट उत्तम चालले असते, कारण तिथे दुसरी कडच नसते. म्हणून पक्षी पाण्यालगत किंवा झाडांपुढे असेपर्यंत सिंगल पॉइंट, फार तर ९. आभाळात चढला की २१ किंवा ३९.

कबड्डीत अडचण उलटी, तिथे पुढून लोक आडवे येतात. बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेबाहेर बसलात तर चढाईपटूचा चेहरा मिळतो, पण तुमच्या आणि त्याच्या मध्ये सात जणांची साखळी हलत असते. ऑटो-एरिया (कॅमेराच पॉइंट निवडतो तो मोड) बहुधा जवळच्यावर जातो, म्हणजे बचावपटूच्या पाठीवर. ३डी ट्रॅकिंग रंगाच्या आधारे माग काढतं, पण पकडीत तीन-चार जण एकमेकांत अडकले की कोणता रंग कोणाचा हे त्याला उमजत नाही. इथे मी सिंगल पॉइंटच ठेवतो, तोही मधल्या नऊपैकी. डी५६०० च्या ३९ पॉइंटमध्ये मधले ९ क्रॉस-टाइप आहेत, ते आडव्या आणि उभ्या दोन्ही कडा पकडतात. मंद दिव्यात हा फरक लगेच जाणवतो. चेहरा मध्यावर ठेवून जरा सैल फ्रेम घ्या, नंतर क्रॉप करा. चेहरा लहान दिसत असेल तर जर्सीवरचा नंबर किंवा गळ्याची पट्टी धरा. एकरंगी कापडावर पॉइंट ठेवलात तर लेन्स पुढे-मागे शोधत बसते.

मधे कोणी आलं तर काय? मेनूत एफ२ मध्ये एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन द्या आणि ए१ मध्ये रिलीज (फोकस पक्का होण्याची वाट न बघता फोटो निघतो) निवडा. आता फोकस अंगठ्यावर, शटर तर्जनीवर. बचावपटू आडवा आला की अंगठा उचला. फोकस होता तिथेच थांबतो, वाट मोकळी झाली की परत दाबा. ही सवय लागायला आठ-दहा दिवस जातात, पहिले दोन दिवस तर चिडचिड होते, पण सोडू नका. माझ्या मते या एका बदलाने जेवढे फोटो वाचतात तेवढे नव्या लेन्सने वाचत नाहीत. (डी७५०० किंवा डी५०० वापरणाऱ्यांनी फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन कबड्डीला जास्त ठेवावं, म्हणजे मध्ये आलेल्या माणसाकडे फोकस लगेच पळत नाही.)

१.४ च्या टेलिकन्व्हर्टरचा (लेन्सची पोच १.४ पट वाढवणारी मधली जोडणी) विचार असेल तर या लेन्सवर नको. एक स्टॉप जातो, म्हणजे प्रकाश निम्मा होतो, आणि ऑटोफोकस चाचपडू लागतं.

सरावाला येरळवाडीपर्यंत जायची गरज नाही. संध्याकाळी बगळे परततात तेव्हा कृष्णेच्या घाटावर उभे राहा, १/२००० ठेवा. एकच बगळा धरा, आभाळात असताना २१ वर. तो पलीकडच्या झाडांसमोर उतरू लागला की सिंगल पॉइंटवर या, आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता हा बदल जमेपर्यंत करत राहा.