यंत्र ओढतं आणि माणूस ओढतो

प्रश्न : यजमानांना दुबईहून भाचा सिगारेटी आणून देतो. पाकिटावर टार (धुरातला चिकट, काळपट ऐवज) 1 मिलिग्रॅम लिहिलंय. ‘ही जवळपास निरुपद्रवीच,’ असं त्यांचं म्हणणं. खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, एक सिगारेट मागून घ्या (पेटवू नका!) आणि फिल्टरवरचा कागद सोलून उजेडासमोर धरा. टाचणीच्या टोकाहून बारीक भोकांची ओळ दिसेल. सगळी मेख तिथेच आहे.

तो 1 चा आकडा यंत्राने काढलेला असतो. आमच्या प्रयोगशाळेत असं यंत्र होतं : दर मिनिटाला 35 मिलिलिटरचा एक झुरका, दोन सेकंदांचा, तोही भोकं उघडी ठेवून. भोकांतून हवा आत येते, धूर पातळ होतो, आकडा घसरतो. यंत्रात धूर गाळणारी पांढरीशुभ्र काचतंतूंची चकती गुळाच्या रंगाची व्हायची. टार मोजायचं ते तिच्यावरूनच.

तुमचे यजमान म्हणजे यंत्र नव्हे. त्यांची बोटं-ओठ भोकं झाकतात आणि निकोटीन कमी पडलं की झुरका आपोआप लांबतो. म्हणून कॅनडाने कडक पद्धत आणली : 55 मिलिलिटर, दर 30 सेकंदांनी, भोकं चिकटपट्टीने बंद. तीच सिगारेट, पण आकडा कितीतरी चढतो. अमेरिकेने तर 2010 पासून पाकिटावर ‘लाइट’, ‘माइल्ड’ लिहायलाच मनाई केली.

शिवाय टारचं वजन म्हणजे विषारीपणा नव्हे. तो पाहायला धुराचा अर्क साल्मोनेला जिवाणूंवर टाकून जनुकीय बदल झालेल्या वसाहती मोजतात. मीही मोजल्यात, मान मोडेपर्यंत.

यजमानांना ती भोकं दाखवाच.