डायलिसिस फुकट, गोळ्या विकत

प्रश्न : सिस्टर, वडिलांना १२ वर्षं शुगर आणि बीपी. गोळ्या विकत आणायचो. ओढाताण झाली की महिना महिना बंद. आता किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस महात्मा फुले योजनेतून होतं, एक रुपया लागत नाही. डायलिसिस परवडणाऱ्या सरकारला गोळी का जड होते?
— एक वाचक, कागल

उत्तर : दादा, शुगर-बीपीच्या खिडकीवर मी ९ वर्षं काढली. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकटच असतात. पण सकाळी नंबर लावायचा, दुपारपर्यंत थांबायचं, म्हणजे त्या दिवसाचा खाडा. वर ‘या गोळ्या संपल्यात, बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी मीच कितीदा लिहून दिली. सेंट्रिंगवरचा माणूस दोनदा रिकाम्या हातानं गेला की तिसऱ्यांदा येत नाही. येतो तो थेट किडनी बिघडून पाय सुजल्यावर.

आजारपणात घर बुडू नये, हा योजनेमागचा विचार. त्यामुळं वाचलेली घरं मी पाहिलीत, तिला नावं ठेवणार नाही. पण ती धावते मोठ्या बिलाकडं. दवाखान्याला पैसे मिळतात ते पॅकेजचे, म्हणजे एकेका उपचाराच्या ठरलेल्या रकमेचे, आणि शाबूत राहिलेल्या किडनीचं पॅकेज नसतं. ज्याचं डायलिसिस टळलं तो कुठल्याच लाभार्थी यादीत येत नाही. मग त्याचा फोटो कोण काढणार?

दुसरा विचारही आपल्याकडं होता. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये आणि आजार होण्याआधीच रोखावा, असं देशाच्या आरोग्यसेवेसाठी सरकारनं नेमलेल्या भोर समितीनं १९४६ साली सांगितलं. इंग्लंडनं १९४८ मध्ये करातून सगळ्यांना मोफत उपचार दिले. तीन वर्षांत चष्म्यांना आणि कवळ्यांना पैसे लावायचं ठरलं, तेव्हा ती व्यवस्था उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. कवळीपायी मंत्रिपद! आणि लांब कशाला, १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. चार हुशार पोरांना शिष्यवृत्ती देऊन त्यांनाही मोकळं होता आलं असतं.

तुम्ही स्वतःचं वय लिहिलेलं नाही. तिशी उलटली असेल तर या आठवड्यात एक खाडा कराच. भावंडांनाही न्या, शुगर आणि बीपी तपासून घ्या.