मुलांना चालत शाळेत नेणारा गट सुरू करताय? आधी हे बघा

सुरुवात एकाच रस्त्याने करा, तीही आठवड्यातून दोनच दिवस. पाचही दिवसांचा उत्साह पहिल्या पावसात विरतो. रस्ता साधारण एक किलोमीटरचा ठेवा. पहिली-दुसरीच्या मुलांना त्याला वीसेक मिनिटं लागतात. ठरवण्याआधी तो शाळेच्याच वेळी स्वतः चालून बघा, कारण रविवारी मोकळा दिसणारा फुटपाथ सोमवारी दुचाक्यांनी भरलेला असतो.

लहान मुलं असतील तर तीन-चार जणांमागे एक मोठं माणूस, एक पुढे आणि एक सर्वांत मागे. मुलं जिथे गटाला येऊन मिळतात, त्या थांब्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वाट पाहू नका. एकासाठी थांबलात की बाकीचे दुसऱ्या दिवशी रिक्षाने जातात!

सायकल तिसरी-चौथीनंतर, तीही मोठ्यांच्या सोबतीने. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेऊ नका, ब्रेकपर्यंत बोटंच पोचत नाहीत. दप्तर हँडलला कधीच अडकवू नका, वळताना तोल जातो. ते मागच्या कॅरिअरला घट्ट बांधा आणि पट्टे चाकात लोंबत नाहीत ना, तेवढं पाहा.